कोकणातल्या बंद घराचा एक्झॉस्ट पंखा मुंबईत बसून कसा चालवायचा: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

गणपतीच्या दोन दिवस आधी गावचं घर उघडलं की आधी कुबट वास अंगावर येतो. गाद्यांवर पांढुरकी बुरशी, कपाटाच्या मागच्या फळीवर काळे ठिपके, देवघराच्या लाकडावर हिरवट साय. आमचं जुनं कौलारू घर होतं तेव्हा हे एवढं नव्हतं. कौलांच्या फटींतून, माळ्यावरून, वाशांच्या वरच्या मोकळ्या जागेतून हवा आपोआप फिरायची. आता स्लॅब आहे, खिडक्यांना सरकत्या काचा आहेत, आणि दार लावून आम्ही डोंबिवलीला निघालो की आतली हवा तीन-तीन महिने तशीच राहते.

म्हणून मी एक्झॉस्ट पंखा बसवला आणि तो मोबाइलवरून चालेल अशी सोय केली. ती नीट चालायला दोन पावसाळे गेले, कारण मी बऱ्याच गोष्टी उलट क्रमाने केल्या. तुमच्यावर तसे हेलपाटे मारायची वेळ येऊ नये म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. लांबून बटण दाबता येणं हा यातला सोपा आणि कमी महत्त्वाचा भाग आहे. पंखा नेमका कधी लावायचा, आणि नेटवर्क गेल्यावर तो स्वतःहून नीट वागेल ना, हे दोन प्रश्न खरे महत्त्वाचे. चुकीच्या वेळी लावलेला पंखा घरातली ओल वाढवतो.

१. हवा आत कुठून येणार ते ठरवा

पंखा हवा बाहेर फेकतो. तेवढीच हवा दुसरीकडून आत यायला वाट नसेल तर तो नुसता आवाज करत फिरतो. पंखा घराच्या एका टोकाला उंचावर बसवा आणि आत येणारी वाट दुसऱ्या टोकाला, शक्यतो पडवीच्या बाजूला, खालच्या अंगाला ठेवा. म्हणजे हवा माजघरातून, खोल्यांतून फिरून जाते. आतली दारं उघडी ठेवा आणि ती आपटू नयेत म्हणून अडसर लावा. कपाटांची दारंही किलकिली असू द्या. गाद्या आणि कपाटं भिंतीपासून चार-पाच इंच पुढे ओढा.

दोन्ही तोंडांना बारीक स्टीलची जाळी हवीच. पाली, उंदीर आणि साप हे कारण तर आहेच, पण मला सगळ्यात जास्त त्रास कुंभारीण माशीने दिला. पंख्याच्या बाहेरच्या पडत्या पाकळ्यांवर तिने मातीचं घर केलं, पाकळ्या उघडेनात आणि पंखा आतल्या आत गुदमरत राहिला. गावी जाल तेव्हा त्या पाकळ्या हाताने हलवून बघा.

पंख्याचा आकार साध्या हिशोबाने ठरतो. ६०० चौरस फूट घर आणि १० फूट उंची म्हणजे ६००० घनफूट, साधारण १७० घनमीटर हवा. पंख्याच्या खोक्यावर ताशी किती घनमीटर हवा फेकतो ते लिहिलेलं असतं. ५०० लिहिलं असेल तर कागदावर तासाला तीन वेळा हवा बदलते. जाळी आणि पाकळ्यांमुळे प्रत्यक्षात कमी होते, पण बंद घराला तेवढी पुरते. मी ९ इंची पंखा घेतला. घेताना मोटार तापल्यावर आपोआप बंद होण्याची सोय आहे ना, हे विचारून घ्या. रिकाम्या घरात अडकलेली मोटार बंद करायला कुणी नसतं.

२. स्विच निवडा

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. पहिला स्मार्ट प्लग: सॉकेटमध्ये खोचायचा आणि पंख्याची पिन त्यात लावायची. वायरिंगला हात लावावा लागत नाही. पंख्याला पिन असेल आणि सॉकेट पावसापासून सुरक्षित असेल तर नवख्यांनी इथूनच सुरुवात करावी. दुसरा, स्विचबोर्डाच्या मागे बसणारा छोटा रिले मॉड्यूल, म्हणजे मोबाइलच्या आदेशावर लाइन जोडणारी-तोडणारी डबी. याच्यासोबत जुनं बटणही चालू राहतं, त्यामुळे घरात राहायला आलेल्या माणसांना काही नवीन शिकावं लागत नाही. मी हाच वापरतो. तिसरा, अख्खा टच बोर्ड. एका पंख्यासाठी तो खर्च मला पटत नाही.

न्यूट्रल वायर लागत नाही असे टच स्विच या कामासाठी घेऊ नका. ते स्वतः चालण्यासाठी पंख्यातूनच थोडा प्रवाह सोडत राहतात. लहान मोटार त्यामुळे बंद असतानाही गुणगुणत राहू शकते. तसंच रेग्युलेटरच्या पुढे स्मार्ट प्लग कधीही लावू नका. कमी-जास्त केलेला पुरवठा त्याच्या आतल्या सर्किटला सोसत नाही.

खरेदी करताना तीन गोष्टी तपासा:

- वीज जाऊन परत आल्यावर काय करायचं, ते ॲपमध्ये ठरवता येतं का? बंद, चालू आणि आधीची स्थिती असे पर्याय हवेत.
- वेळापत्रक स्विचच्या आत साठतं का? इंटरनेट नसताना ते चाललं पाहिजे.
- किती वॅट वीज चालली आहे ते दाखवतो का? थोडे पैसे जास्त जातात, पण ते वसूल होतात. कसे, ते पुढे आठव्या पायरीत येईल.

३. सामान आणि कागद जमवा

गावात दुकान जवळ नसतं, म्हणून सगळं मुंबई-पुण्याहूनच न्या:

- पंखा, जाळी आणि स्विच (शक्य असेल तर एक जास्तीचा)
- फक्त या लाइनसाठी ६ अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की लाइन पाडणारा) आणि ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लाइन पाडणारा). किंवा दोन्ही एकत्र असलेला आरसीबीओ
- सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक वाढलेला दाब अडवणारा)
- सिमवर चालणारा ४जी राउटर आणि त्याच्या १२ व्होल्टच्या पिनला चालणारा मिनी यूपीएस
- राउटरसाठी साधा, इंटरनेट न लागणारा टायमर सॉकेट (मिनी यूपीएस आणि हा यांपैकी एकच लागेल; कोणता, ते पाचव्या पायरीत)
- तापमान आणि आर्द्रता दाखवणारे दोन सेन्सर
- मल्टीमीटर, स्क्रू ड्रायव्हर, इन्सुलेशन टेप, कनेक्टर, चिकटवायचे लेबल
- वीजबिलाची प्रत. तिच्यावरचा १२ आकडी ग्राहक क्रमांक तक्रार करताना लागतो. महावितरणचा तक्रार क्रमांक १९१२.
- नवीन सिमसाठी आधार कार्ड

४. वायरमनला काय सांगायचं

प्लग सोडून काहीही बसवणार असाल तर परवानाधारक वायरमनला बोलवा. पण त्याच्यासोबत उभे राहा, कारण रिकाम्या घराच्या गरजा वेगळ्या असतात आणि त्या त्याला सांगितल्याशिवाय कळणार नाहीत.

पहिली गरज: वेगळी लाइन. घर बंद करताना मेन स्विच पाडायची आपल्याकडे सवय आहे आणि ती चांगलीच आहे. पण मेन पाडला तर राउटरही गेला आणि पंखाही. म्हणून मेननंतर दोन भाग करून घ्या. एक घराचा, जो निघताना पाडायचा. दुसरा फक्त पंखा आणि राउटरचा, जो कायम चालू राहील. या दुसऱ्या भागाला स्वतःचा आरसीबीओ द्या. माझ्याकडे सुरुवातीला अख्ख्या घराला मिळून एकच आरसीसीबी होता. बाहेरच्या दिव्यात पावसाचं पाणी गेलं, तो पडला, आणि ऐन ऑगस्टमध्ये पंखा तीन आठवडे बंद राहिला.

दुसरी गरज: अर्थिंग आणि सर्ज प्रोटेक्टर. मिरगाच्या आधी आणि परतीच्या पावसात विजांचा कडकडाट किती असतो ते कोकणी माणसाला सांगायला नको. अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असेल तर सर्ज प्रोटेक्टर असून नसून सारखाच, म्हणून आधी अर्थिंग तपासून घ्या.

तिसरं म्हणजे बटणात फेज तुटतो की न्यूट्रल, हे बघा. जुन्या वायरिंगमध्ये लाल, काळा, हिरवा या रंगांवर विसंबू नका. निऑन टेस्टर बाजूच्या वायरच्या प्रभावानेही मिणमिणतो, म्हणून मल्टीमीटरनेच खात्री करा. मेन पाडून, बंद झाल्याचं मल्टीमीटरवर बघून, मगच बोर्ड उघडायचा.

मॉड्यूल बसवताना होणारी सगळ्यात महागडी चूक जुन्या बटणाच्या तारांची आहे. काही मॉड्यूलमध्ये बटणाच्या टर्मिनलला फेज द्यायचा असतो. काहींमध्ये तिथे फक्त बटणाच्या दोन कोऱ्या तारा जोडायच्या असतात आणि फेज दिला की मॉड्यूल जळतो. दोन्ही दिसायला सारखेच. वायरमन आधी दुसऱ्या कंपनीचे बसवून आलेला असेल तर सवयीने तसंच जोडेल. खोक्यातला जोडणीचा कागद त्याच्या हातात द्या.

भिंतीतला बोर्डाचा डबा लोखंडी असेल तर वाय-फाय आत पोहोचायला अडचण येते. जांभ्याच्या जाड भिंतीत तर फारच. मी मॉड्यूल बाहेर, प्लास्टिकच्या वेगळ्या डब्यात घेतला.

५. नेटवर्क

घराच्या कोणत्या कोपऱ्यात रेंज चांगली येते ते मोबाइल हातात घेऊन फिरून शोधा, आणि दोन कंपन्यांची सिमं वापरून बघा. आमच्याकडे माळ्यावर चांगली रेंज आणि खाली काहीच नाही, म्हणून राउटर माळ्याच्या जिन्याशी टांगला.

हे स्विच बहुतेक फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात. राउटर ५ गिगाहर्ट्झही देत असेल तर दोघांची नावं वेगळी ठेवा, नाहीतर जोडणीच्या वेळी ॲप अडून बसतं आणि दोष कुठे आहे ते कळत नाही.

राउटर अधूनमधून अडकतो. दिवा जळत असतो पण इंटरनेट नसतं. घरी असलो तर आपण बंद-चालू करतो, तिथे कोण करणार? इथे बरेच जण राउटरच स्मार्ट प्लगवर लावतात. प्लग बंद केला की राउटर बंद, राउटर बंद म्हणजे प्लगला आदेश पोहोचायचा मार्गच बंद, आणि मग थेट गावी जावं लागतं. त्यासाठी साधा टायमर सॉकेट वापरा. रोज पहाटे ४ ला १५ मिनिटं बंद आणि परत चालू, एवढंच त्याला लावून ठेवायचं. मिनी यूपीएस असेल तर टायमर यूपीएस आणि राउटरच्या मध्ये कामाचा नाही, कारण तिथे १२ व्होल्ट असतात. आणि यूपीएसच्या आधी लावला तर राउटर बॅटरीवर चालूच राहतो. म्हणून दोन्हींपैकी एकच ठेवा. वीज वारंवार पण थोडा वेळ जात असेल तर यूपीएस, राउटर अडकत असेल तर टायमर. मी टायमर ठेवला आहे.

सिमचा रिचार्ज संपण्याची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. माझा पहिल्या वर्षी जुलैत संपला आणि मी दहा दिवस स्विच बिघडला असं समजत होतो.

६. ॲप आणि खातं

दुकानदार किंवा वायरमन म्हणेल, "साहेब, मी जोडून देतो," आणि घाईत स्वतःच्या मोबाइलवर, स्वतःच्या खात्यात स्विच नोंदवून टाकेल. तसं होऊ देऊ नका. घरासाठी एक ईमेल काढा आणि त्यावरच खातं उघडा. मग ॲपमधून भावाला, वहिनीला वापरायची परवानगी द्या. पासवर्ड वाटायची गरज पडत नाही.

वाय-फायचं नाव आणि पासवर्ड कागदावर लिहून मीटरच्या पेटीत नाही, तर मुंबईच्या घरी ठेवा. पुढे राउटर बदलला तरी तेच नाव आणि तोच पासवर्ड लावा. स्विच आपोआप जोडला जातो, पुन्हा बोर्ड उघडावा लागत नाही.

७. पंखा कधी लावायचा

ही पायरी नीट वाचा. पहिल्या पावसाळ्यात मी इथेच चुकलो.

आतल्या सेन्सरवर आर्द्रता ८० टक्के दिसली की मी पंखा लावायचो. बाहेर धो धो पाऊस. पंखा रोज सहा-सहा तास चालला आणि गणपतीला घर उघडलं तर बुरशी आधीपेक्षा जास्त. कारण टक्केवारी हवेतलं पाणी सांगत नाही. त्या तापमानाची हवा जितकं पाणी धरू शकते त्याच्या किती टक्के आत्ता आहे, एवढंच ती सांगते. गरम हवा जास्त पाणी धरते. एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त मावणारी वाफ अशी:

- २० अंशांना सुमारे १७.३ ग्रॅम
- २४ अंशांना २१.८
- २६ अंशांना २४.४
- २८ अंशांना २७.२
- ३० अंशांना ३०.४
- ३२ अंशांना ३३.८

आता जुलैतला दिवस घ्या. आत २८ अंश आणि ८० टक्के, म्हणजे २७.२ च्या ८० टक्के, सुमारे २१.८ ग्रॅम. बाहेर पाऊस, २६ अंश आणि ९५ टक्के, म्हणजे सुमारे २३.२ ग्रॅम. बाहेरच्या हवेत पाणी जास्त आहे. पंखा लावला की आपण ते पाणी आत ओढतो, आणि भिंती, गाद्या, पुस्तकं ते शोषून घेतात.

नोव्हेंबरातली दुपार बघा. बाहेर ३२ अंश, ४५ टक्के: १५.२ ग्रॅम. आत २८ अंश, ७५ टक्के: २०.४ ग्रॅम. आता प्रत्येक घनमीटरमागे पाच ग्रॅम पाणी बाहेर जातं. तासाला चारशे घनमीटर हवा खरोखर बदलली तर सुरुवातीला दोन किलोच्या आसपास होतं ते.

उलटंही घडतं. डिसेंबरच्या पहाटे बाहेर ९० टक्के दिसतं आणि आपण घाबरतो. पण २० अंशांच्या त्या हवेत पाणी १५.६ ग्रॅमच असतं.

दरवेळी गुणाकार करायचा कंटाळा असेल तर सेन्सरच्या ॲपमध्ये दवबिंदू (हवेतल्या वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान; हवेत पाणी जास्त तर तोही जास्त) दिसतो का ते पाहा. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा निदान दोन अंशांनी कमी असेल तरच पंखा लावा. बाहेरचा सेन्सर पडवीत, सावलीत, पागोळ्यांपासून लांब हवा. ऊन लागलं की तो काहीही दाखवतो.

स्वस्त सेन्सर चुकीचे असू शकतात, म्हणून बसवण्याआधी मिठाची परीक्षा घ्या. बाटलीच्या झाकणात साधं मीठ, त्यात थोडं पाणी, मीठ ओलं होईल पण विरघळून जाणार नाही एवढंच. ते झाकण आणि सेन्सर घट्ट झाकणाच्या डब्यात रात्रभर ठेवा. खोलीच्या तापमानाला सेन्सरने ७५ टक्के दाखवायला हवं. ७९ दाखवत असेल तर त्याच्या आकड्यातून ४ वजा करत जा. दोन्ही सेन्सर एकाच डब्यात ठेवले तर दोघांमधला फरकही कळतो.

मग भर पावसाळ्यात काय करायचं? खरं सांगायचं तर जून-जुलैत पंख्याकडून फार अपेक्षा ठेवू नका. चांगली उघडीप पडली, दोन-तीन दिवस ऊन आलं, की दुपारी आकडे बघून लावा. बुरशी अगदीच असह्य असेल तर हवेतली ओल काढून ते पाणी थेट नळीने बाहेर सोडणारा डिह्युमिडिफायर एका बंद खोलीत ठेवावा, पण त्याचं वायरिंग आणि देखभाल हा वेगळा विषय आहे. पंख्याचे खरे महिने ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात भिंतींनी प्यायलेलं पाणी ऑक्टोबरच्या उन्हात बाहेर काढलं की घर पुढच्या पावसाला कोरडं सामोरं जातं.

८. वेळापत्रक लावा आणि वॅट बघा

ऑक्टोबर ते मे रोज ११ ते ४ असं वेळापत्रक स्विचमध्येच साठवा. जून ते सप्टेंबर ते बंद ठेवा आणि पंखा फक्त हाताने, ॲपमधून लावा. यासोबत आपोआप बंद होण्याची मर्यादा ठेवा: हाताने लावलेला पंखा दोन तासांनी बंद झालाच पाहिजे. लावल्यावर नेटवर्क गेलं तर तो रात्रभर पाऊस ओढत बसणार नाही. मात्र काही स्विचमध्ये ही मर्यादा वेळापत्रकालाही लागू होते आणि पंखा १ वाजताच थांबतो. तसं असेल तर वेळापत्रकाचे दोन-दोन तासांचे तुकडे करा. वीज परत आल्यावरची स्थिती "बंद" ठेवा.

ॲपमध्ये "चालू" दिसतं याचा अर्थ स्विच जोडला गेला एवढाच. पंखा फिरतो आहे की नाही ते त्याला माहीत नसतं. पहिल्या दिवशी पंखा नीट फिरताना किती वॅट दाखवतो ते लिहून ठेवा. माझा ४५ दाखवतो. शून्य आलं तर तार सुटली किंवा पंख्याची मोटार गेली. आकडा नेहमीपेक्षा बराच वेगळा आला तर काहीतरी अडकलं असं समजून लगेच बंद करायचं आणि शेजाऱ्यांना बघायला सांगायचं.

बिलाची काळजी असेल तर: ४५ वॅट रोज पाच तास म्हणजे महिन्याला पावणेसात युनिट. ८ वॅटचा राउटर चोवीस तास चालून जवळजवळ तेवढंच, पावणेसहा युनिट घेतो.

९. निघण्याआधी

सगळं बसवलं त्याच दिवशी परत फिरू नका. दोन दिवस राहा आणि हे करून बघा:

- मोबाइलचं वाय-फाय बंद करून, मोबाइल डेटावरून पंखा लावा आणि बंद करा.
- पंखा चालू असताना त्या लाइनचा एमसीबी पाडा, पाच मिनिटांनी चढवा. पंखा बंदच राहिला पाहिजे आणि स्विच ॲपमध्ये परत दिसला पाहिजे.
- राउटर काढून ठेवा आणि वेळापत्रकाप्रमाणे पंखा सुरू होतो का ते बघा. वीज जाऊन आल्यावर इंटरनेट नसेल तर काही स्विच घड्याळच विसरतात. राउटर काढलेला असतानाच एमसीबी पाडून हेही तपासा.
- आरसीबीओचं टेस्ट बटण दाबा.

गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडरला टोपी लावल्याशिवाय घर सोडू नका. गळलेला गॅस जमिनीलगत साठतो आणि लांबून लावलेल्या स्विचची किंवा मोटारीची एक ठिणगी पुरते. ही एक गोष्ट निघताना मी स्वतः हात लावून बघतो, कुणावर सोपवत नाही.

शेवटी शेजाऱ्यांना बोलवून सगळं दाखवा. आमच्या शेजारच्या काकांनी पहिल्या वर्षी विजा चमकायला लागल्यावर काळजीपोटी आमची लाइन पाडली होती आणि नंतर चढवायची राहून गेली. आता एमसीबीवर मराठीत मोठं लेबल आहे: "पंखा व राउटर. विजा असताना बंद करायला हरकत नाही, नंतर चालू करावा." खाली माझा फोन नंबर आहे. आता ते लाइन पाडली की फोन करतात, आणि चढवली की पुन्हा करतात.